हार्ट फेल्युअरच्या पेशंटला घरी सांभाळताय? स्वतःसाठी आधार कसा उभा करायचा, पहिल्या दिवसापासून

हा लेख पेशंटसाठी नाहीये. पेशंटच्या घरात जी एक व्यक्ती सगळं बघते तिच्यासाठी आहे, मग ती बायको असेल, मुलगा असेल, सून असेल, कधी कधी लग्न न झालेली बहीण असते. डिस्चार्ज होताना जाडजूड फाइल मिळते, त्यात गोळ्या, रिपोर्ट, पुढची तारीख सगळं असतं, पण घरी गेल्यावर हे रोज करणार कोण आणि करणारा थकला की काय, याबद्दल त्यात एक ओळही नसते. माझ्या सासऱ्यांच्या आजारपणात घरचं सगळं माझ्याकडे होतं आणि त्यानंतर आमच्या भागातल्या अशाच काही घरांशी मी अजून जोडलेली आहे, त्यातून आणि वाचनातून जे पक्कं कळलंय ते क्रमाने लिहितेय.

आधी आजाराबद्दल दोन शब्द. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नाही आणि हार्ट अटॅकही नाही. हृदयाचं पंपिंग कमी पडतं किंवा हृदय ताठर होतं, त्यामुळे अंगात पाणी साठतं, दम लागतो, पाय सुजतात. टू-डी एकोच्या म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टवर जो ईएफ लिहिलेला असतो तो पंपिंगचा आकडा, साधारण ५५ ते ७० टक्के नॉर्मल, ४० किंवा त्याखाली म्हणजे पंपिंग नक्की कमी. पण ईएफ चांगला असूनही हार्ट फेल्युअर असू शकतं, त्यामुळे 'रिपोर्ट तर बरा आहे' म्हणून गाफील राहू नका. हा आजार महिना-दोन महिन्यांत संपत नाही, वर्षानुवर्षं चालतो, मध्ये बरं वाटतं, मग अचानक बिघडतं, परत ॲडमिट. म्हणूनच सांभाळणाऱ्याची सोय लावणं हे उपचारातलंच काम आहे.

भारतातलं चित्र कळायला एक चांगला अभ्यास आहे, केरळमधली त्रिवेंद्रम हार्ट फेल्युअर रजिस्ट्री. २०१३ मध्ये तिथल्या हॉस्पिटलांत ॲडमिट झालेल्या १२०५ पेशंटची नोंद केली होती. सरासरी वय निघालं ६१ च्या आसपास, पाश्चात्त्य देशांतल्या पेशंटपेक्षा साधारण दहा वर्षांनी कमी. म्हणजे आपल्याकडे सांभाळणारी बायको पन्नाशीतली असते, तिची स्वतःची शुगर-बीपी सुरू झालेली, नाहीतर नोकरी करणारा, लहान पोरं असलेला मुलगा किंवा सून. त्या नोंदीत वर्षभरात जवळजवळ एकतृतीयांश पेशंट गेले, हे वाचून घाबरायला होतं, पण ज्यांना योग्य ती सगळी औषधं मिळाली ते जास्त टिकले हेही त्यातच दिसलं. गोळ्या वेळेवर जाणं, वजन बघणं, मीठ सांभाळणं ही घरातली कामं आहेत आणि ती करणारा माणूस टिकला तरच ती होतात.

आता आधाराच्या कार्यक्रमांबद्दल. परदेशात यावर बरंच काम झालंय. ब्रिटनमध्ये रीच-एचएफ नावाचा कार्यक्रम आहे, १२ आठवड्यांचा, घरीच चालणारा, त्यात प्रशिक्षित माणूस घरी येतो, फोन करतो आणि घरच्यांसाठी वेगळी पुस्तिका असते. स्वीडनमध्ये २०१२ साली छापून आलेल्या एका अभ्यासात १५५ जोड्या होत्या, पेशंट आणि त्याचा जोडीदार. निम्म्यांना नर्सबरोबर बसून आजाराची माहिती आणि मानसिक आधार असं तीन बैठकांमध्ये दिलं. तीन महिन्यांनी पेशंटला आपल्या आजारावर आपला ताबा आहे असं जास्त वाटायला लागलं, पण सांभाळणाऱ्या जोडीदाराचं ओझं काही कमी झालं नाही. मला यातलं हे दुसरं फार महत्त्वाचं वाटतं. माहितीपत्रक, व्हिडिओ, लेक्चर हे सगळं हवंच पण त्याने रात्रीची झोप परत मिळत नाही, त्यासाठी कामाला दुसरे हात लागतात, पैसे लागतात, सुटी लागते. आपल्याकडे बहुतेक गावांत असा तयार कार्यक्रम नाहीच, तुकडे मात्र आहेत, हॉस्पिटलची सिस्टर, सरकारी योजना, हेल्पलाइन, ज्येष्ठ नागरिक संघ. ते जोडायचे कसे हे खाली.

पहिलं काम हॉस्पिटलमध्येच: डिस्चार्जच्या आदल्या दिवशी अर्धा तास मागून घ्या

डिस्चार्जच्या दिवशी बिलाची गडबड, टीपीएची म्हणजे इन्शुरन्सचा क्लेम बघणाऱ्या कंपनीची गडबड, गाडीची गडबड, त्या दिवशी कोणी काही शिकवत नाही. आदल्या दिवशी वॉर्डच्या सिस्टरला किंवा रजिस्ट्रार डॉक्टरांना सरळ सांगा की घरी मी बघणार आहे, मला सगळं एकदा समजावून द्या. मोठे डॉक्टर राउंडला येतात तेव्हा दोन मिनिटं असतात, त्यात हे होत नाही. डाएटिशियन आणि फिजिओथेरपिस्ट पण बोलावून घ्या, बऱ्याच हॉस्पिटलांत ते असतात पण मागितल्याशिवाय येत नाहीत. सरकारी आणि ट्रस्टच्या हॉस्पिटलांत मेडिकल सोशल वर्कर असतात, त्यांची खोली शोधून काढाच, योजना आणि पैशांचं पुढचं निम्मं काम तिथे होतं.

विचारायचं काय ते कागदावर लिहून न्या. आज डिस्चार्जला वजन किती, कारण पुढे रोजचं वजन याच आकड्याशी ताडून बघायचंय. पाणी दिवसभरात किती, म्हणजे चहा, ताक, आमटी धरून का न धरता. मीठ किती. लघवीची गोळी वजन वाढलं तर वाढवायची का, किती, कोणाला विचारून. कोणती लक्षणं दिसली की फोन करायचा आणि रात्री दोन वाजता कोणत्या नंबरवर. पुढची व्हिजिट कधी, ती शक्यतो एक ते दोन आठवड्यांच्या आत मागा, कारण घरी गेल्यावरचे पहिले काही आठवडे सगळ्यात नाजूक असतात. जिना चढायचा का, अंघोळ स्वतः करायची का, प्रवास कधी, हेही विचारा, हे प्रश्न साधे वाटतात म्हणून राहून जातात आणि घरी त्यावरूनच वाद होतात.

सगळं ऐकून झालं की तुमच्या शब्दांत परत सांगून दाखवा, 'म्हणजे सकाळी ही, दुपारी चारला ही, आणि वजन दोन किलो वाढलं तर तुम्हाला फोन, बरोबर ना?' चुकत असेल तर तिथेच कळतं. आणि हे ऐकायला घरातली दोन माणसं बसवा. एकटीने ऐकलं की सगळं कायमचं तिच्याच डोक्यावर बसतं.

घरी आल्यावर: रोजचं काम कमीत कमी आणि ठरलेलं

वजनकाटा घ्या, साधा डिजिटल चालेल, फक्त रोज तोच आणि तो फरशीवरच ठेवायचा, गादी-सतरंजीवर नाही. सकाळी उठल्यावर लघवी करून, चहाच्या आधी, साधारण तशाच कपड्यांत वजन. भिंतीवर कॅलेंडर लावा आणि तारखेच्या चौकोनातच आकडा लिहा, वही शोधावी लागत नाही आणि येणाऱ्या-जाणाऱ्या घरच्यांनाही दिसतो. एका दिवसात किलो-दीड किलो किंवा तीन दिवसांत दोन किलोच्या वर वाढलं तर ते पाणी आहे, जेवण नाही, डॉक्टरांना फोन. तुमच्या डॉक्टरांनी वेगळा आकडा दिला असेल तर तो धरा.

वजनाबरोबर चार गोष्टी बघायच्या. पाय घोट्याजवळ बोटाने दाबल्यावर खळगा राहतो का, रात्री एकाऐवजी दोन-तीन उशा लागायला लागल्या का, आडवं झाल्यावर खोकला येतो का, आणि काल जेवढं चालत होते तेवढं आज चालवतंय का. यातलं काही वाढतंय म्हणजे त्याच दिवशी फोन. बसल्या जागी दम, छातीत दुखणं, शुद्ध हरपणं, ओठ निळसर होणं, गुलाबी फेसाळ थुंकी, यात फोन-फोन खेळत बसायचं नाही, १०८ ला कॉल करून सरळ हॉस्पिटल. हा कागद फ्रिजवर चिकटवून ठेवा, मोठ्या अक्षरात, शेजाऱ्यांनाही दाखवून ठेवा.

गोळ्यांचं थोडं सविस्तर सांगते कारण इथे सांभाळणाऱ्याची सगळ्यात जास्त दमछाक होते. हार्ट फेल्युअरमध्ये चार-पाच प्रकारच्या गोळ्या एकत्र चालतात, बीपी कमी असतानाही बीपीच्या वाटणाऱ्या गोळ्या देतात, शुगर नसतानाही डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन देतात, आणि मग शेजारचं कोणीतरी चिठ्ठी बघून म्हणतं अरे ही तर डायबेटिसची गोळी, बंद करा. करू नका. या गोळ्या हृदयासाठीही काम करतात. मेटोप्रोलोल, कार्व्हेडिलोल, बिसोप्रोलोल यातली गोळी तर मनाने अचानक कधीच बंद करायची नाही. उलट्या-जुलाब सुरू झाले किंवा उपास धरायचा असला, एकादशी, नवरात्र, तर काही गोळ्या तेवढ्यापुरत्या थांबवाव्या लागतात, कोणत्या ते आधीच विचारून लिहून ठेवा. आणि अंगदुखीसाठी घरातली डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन अजिबात नाही, त्याने अंगात पाणी साठतं आणि किडनीवर ताण येतो. आठवड्याचे कप्पे असलेली गोळ्यांची डबी मिळते, रविवारी एकदा भरायची, आणि भरायचं काम मुख्य सांभाळणाऱ्याने नाही, दुसऱ्या कोणीतरी करायचं. हे मी मुद्दाम सांगतेय, पुढे त्याचं कारण येईल.

मीठ आणि भांडण

आपल्या घरांत या आजारात सगळ्यात जास्त भांडणं मिठावरून होतात. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत म्हणजे साधारण एक सपाट छोटा चमचा, त्यात सगळं आलं, भाकरीच्या पिठातलं, आमटीतलं, ताकातलं. पापड, लोणचं, शेंगदाण्याची खारी चटणी, फरसाण, सुकट-बोंबील, पाकिटातलं सूप हे तर बाजूलाच. पोट साफ होत नाही, गॅस झालाय म्हणून पाण्यात टाकून फसफसणारी पावडर किंवा गोळी घेतात त्यातही भरपूर सोडियम असतं. आणि 'लो सोडियम' मीठ आणायच्या आधी डॉक्टरांना विचाराच, त्यात पोटॅशियम असतं आणि स्पायरोनोलॅक्टोनसारख्या गोळ्या चालू असताना किंवा किडनी कमजोर असताना ते धोक्याचं ठरू शकतं. रोजच्या नारळपाण्याचंही तेच.

करायचं कसं तर सकाळी पेशंटचं दिवसाचं मीठ एका छोट्या डबीत मोजून ठेवा. सगळ्या घराचा स्वयंपाक कमी मिठाचा करा आणि बाकीच्यांनी ताटात वरून घ्या. लिंबू, कोकम, आलं-लसूण, जिरं, कोथिंबीर, ताजी मिरची यांनी चव येते, एक-दोन महिन्यांत जिभेला सवयही लागते.

आता भांडणाचं. अमेरिकेत अटलांटामध्ये नर्सिंगच्या संशोधकांनी घरच्यांना फक्त आहार नाही तर बोलायचं कसं हेही शिकवलं होतं, म्हणजे पोलिसगिरी न करता पेशंटला निवड द्यायची, त्याचं ऐकून घ्यायचं, आणि घरच्यांना असं बरोबर घेतल्यावर पेशंटचं सोडियम कमी झालेलं दिसलं. आपल्या घरात ते असं दिसेल. 'बाबा, डॉक्टरांनी सांगितलंय ना, परत पापड?' याऐवजी 'बाबा, आजच्या डबीतलं निम्मं मीठ उरलंय, रात्रीच्या पिठल्यात घालू का आत्ता कोशिंबिरीत हवंय?' त्यांचं मीठ त्यांच्या हातात राहतं. म्हातारपणी आणि आजारपणात माणसाकडे ठरवायला फार थोडं उरतं, ते थोडं काढून घेतलं की तो चिडतो, आणि रोजचा राग सांभाळणाऱ्यावरच निघतो. बोलण्याची ही पद्धत तुमच्या स्वतःच्या मनस्वास्थ्यासाठी पण शिका.

काम वाटणं: 'मदत लागली तर सांग' याला काही अर्थ नाही

नातेवाईक म्हणतात काही लागलं तर सांग. थकलेल्या माणसाला काय लागतंय हे सांगायलाही ताकद नसते. म्हणून एक रविवार काढून पूर्ण कामांची यादी लिहा, अगदी सगळी. वजन-बीपी, गोळ्यांची डबी भरणं, औषधं आणणं, रक्ताच्या तपासण्या, डॉक्टरची अपॉइंटमेंट, तिथे घेऊन जाणं, अंघोळ, पथ्याचा स्वयंपाक, रात्री उठणं, इन्शुरन्सचे कागद, बँक, संध्याकाळी जवळ बसून गप्पा. यादी केली की तीस-पस्तीस कामं सहज निघतात आणि घरच्या पुरुषमंडळींना पहिल्यांदा दिसतं की ही एवढी कामं एकच बाई करत होती. मग प्रत्येक कामापुढे नाव. नुसतं 'सगळे मिळून' लिहायचं नाही.

लांब राहणाऱ्यांनाही काम द्या. पुण्यातला भाऊ, बंगळुरूतली नणंद, अमेरिकेतला दीर, यांना औषधांची ऑनलाइन ऑर्डर, इन्शुरन्सचा पाठपुरावा, रिपोर्ट स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवणं, दर महिन्याला ठराविक रक्कम, आणि रोज ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल हे सगळं लांबून करता येतं. कॉल ठरलेल्या वेळीच हवा, म्हणजे तेवढा अर्धा-पाऊण तास पेशंट त्यांच्याशी बोलतो आणि घरची व्यक्ती खाली फेरी मारून येते. आणि फोनवर 'तुम्ही नीट लक्ष देत नाही' असं लांबून म्हणायचं नाही, हे भावंडांत सुरुवातीलाच बोलून घ्या, अगदी स्पष्ट.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दुसरा माणूस तयार करणं. मुख्य सांभाळणारीला ताप आला तर पूर्ण दिवस चालवू शकेल असा एक जण हवाच, म्हणूनच गोळ्यांची डबी भरायचं काम त्याला द्यायचं, त्याने गोळ्यांची ओळख राहते. दर महिन्याला एक दिवस त्याच्याकडे सोपवून मुख्य व्यक्तीने घराबाहेर जायचं, फोनवर सूचना न देता. पहिल्या वेळी गडबड होईल, होऊ दे, वजन लिहिलं गेलं आणि गोळ्या गेल्या तर दिवस पार पडला.

घरात दुसरं कोणी नसेल तर ब्युरोकडून मावशी किंवा अटेंडंट घ्यावा लागतो. त्यात ब्युरोची पावती, माणसाचं पोलीस व्हेरिफिकेशन, सुटीच्या दिवशी बदली कोण, आणि कामं कोणती हे लिहून घ्या. बारा तासांचे पैसे परवडत नसतील तर आठवड्यातून दोन रात्री तरी लावा, कारण दिवसा कसंही निभतं, रात्रीची झोप गेली की माणूस कोसळतो. आलेल्या मावशींना पहिल्याच दिवशी वजनकाटा, मिठाची डबी आणि फ्रिजवरचा कागद हे तिन्ही दाखवा.

पैसे: कुठे काय मिळतं

महाराष्ट्रात महात्मा फुले जन आरोग्य योजना आता आयुष्मान भारतबरोबर एकत्र चालते, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. यादीतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाचं टेबल असतं, रेशन कार्ड आणि आधार घेऊन ॲडमिट व्हायच्या आधीच तिथे जा, किंवा १५५३८८ वर फोन करा. अँजिओप्लास्टी, पेसमेकर असे उपचार बसतात पण आधी मंजुरी घ्यावी लागते, म्हणून उपचार झाल्यावर विचारून उपयोग होत नाही. घरात ७० किंवा त्याहून जास्त वयाचं कोणी असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढा, २९ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झालंय, उत्पन्नाची अट नाही, आधारवर निघतं, ५ लाखांचं, आणि खासगी इन्शुरन्स असला तरी काढता येतं. चौकशीला १४५५५.

ट्रस्टची मोठी हॉस्पिटलं धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असतात, त्यांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला आणि रेशन कार्ड घेऊन तिथल्या सोशल वर्करना भेटा. मुख्यमंत्री वैद्यकीय सहाय्यता कक्षाकडेही अर्ज करता येतो.

पण या सगळ्या योजना मुख्यतः ॲडमिट झाल्यावरच्या. रोजच्या गोळ्यांचा खर्च खिशातूनच जातो आणि घर दमतं ते त्यानेच. तिथे जनऔषधी केंद्र आणि जेनेरिक. डॅपाग्लिफ्लोझिनचं मूळ पेटंट २०२० मध्ये संपलं आणि एम्पाग्लिफ्लोझिनचं २०२५ मध्ये, सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन ही हार्ट फेल्युअरची गोळीही आता बऱ्याच कंपन्यांची मिळते, त्यामुळे काही वर्षांपूर्वी जी चिठ्ठी परवडत नव्हती ती आज बरीच स्वस्तात बसते. डॉक्टरांना सरळ विचारा, महिन्याला एवढेच जमतात, यात स्वस्त कंपनी लिहून द्या. लाज वाटून घेऊ नका, पैसे नाहीत म्हणून एक दिवसाआड गोळी देणारी घरं मी बघितलीयत आणि डॉक्टरांना त्याचा पत्ताच नसतो.

खासगी इन्शुरन्स असेल तर ॲडमिट व्हायच्या आधीचा आणि डिस्चार्जनंतरचा ठराविक दिवसांचा खर्चही बहुतेक पॉलिसीत मिळतो, त्या तपासण्या-औषधांची बिलं एका पिशवीत जपा. इन्शुरन्स नसलेल्या ज्येष्ठ आई-वडिलांच्या औषधोपचारावर इन्कम टॅक्सच्या जुन्या कर पद्धतीत ५०,००० पर्यंत वजावट मिळते, फक्त रोख देऊ नका, ऑनलाइन किंवा कार्डाने द्या.

तुमची स्वतःची तब्येत

दर तीन महिन्यांनी पेशंटची तपासणी असते तेव्हा स्वतःचंही बीपी तिथेच बघून घ्या, आणि वर्षातून एकदा शुगर, हिमोग्लोबिन, थायरॉइड. हे 'नंतर बघू' म्हणून कायम राहतं. फ्लूची लस पेशंटबरोबर तुम्हीही घ्यायची का ते विचारा, घरातून बाहेरची सर्दी पेशंटपर्यंत पोचते म्हणून.

झोपेबद्दल एक उपाय लगेच करता येतो. लघवीची दुसरी गोळी संध्याकाळी उशिरा असेल तर पेशंट रात्रभर उठतो आणि त्याच्याबरोबर तुम्हीपण. ती दुपारी तीन-चारला आणता येईल का हे डॉक्टरांना विचारा, पुष्कळदा येते. पलंगाजवळ युरिन पॉट किंवा कमोड चेअर, पॅसेजमध्ये छोटा नाइट लॅम्प आणि हाक मारायला साधी घंटी, एवढ्याने रात्री बऱ्याच सुसह्य होतात.

आपण किती दमलोय हे दमलेल्या माणसाला कळत नाही. झरिट बर्डन इंटरव्ह्यू म्हणून २२ प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरतात, स्वतःसाठी वेळच उरत नाही असं वाटतं का, पेशंटजवळ असताना चिडचिड होते का, आपण अजून करायला हवं असं वाटतं का, असे प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ८८. समुपदेशकाकडे किंवा सोशल वर्करकडे मागून भरता येते. तेही नको तर घरच्या घरी एवढं बघा: पेशंटच्या खोलीत जायच्या आधी पाय जड होतात का, छोट्या गोष्टीवर ओरडून मग रडू येतं का, आवडीची मालिका, भजनी मंडळ, मैत्रिणीचा फोन सगळं बंद झालंय का. तसं असेल तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतं, मराठीत बोलता येतं. वेड लागलंय म्हणून करायचा फोन नाही हा. ज्येष्ठांच्या कुठल्याही अडचणीसाठी एल्डरलाइन १४५६७, तुम्ही स्वतः साठीच्या पुढे असलात तर तुमच्यासाठीही. साध्या शंकेसाठी दवाखान्यात रांग लावायची नसेल तर ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवर मोफत डॉक्टरांशी बोलता येतं.

अवघड बोलणं वेळेत

पेशंट वारंवार ॲडमिट व्हायला लागला, गोळ्या वाढवता येईनात, बसल्या जागी दम राहायला लागला की डॉक्टरांना पॅलिएटिव्ह केअरबद्दल विचारा. आपल्याकडे हा शब्द फक्त कॅन्सरला जोडलाय आणि ऐकला की घर घाबरतं. उपचार बंद करणं असा त्याचा अर्थ नाही, हृदयाची औषधं चालूच राहतात, बरोबरीने दम, अस्वस्थता, झोप, भीती यावर इलाज होतो आणि घरच्यांशी बोलणारं कोणी मिळतं. छातीत आयसीडी, म्हणजे ठोके धोकादायक बिघडले की शॉक देणारं छोटं यंत्र, बसवलेली असेल तर शेवटच्या टप्प्यात तिचे शॉक बंद ठेवायचे का हाही प्रश्न आधी विचारून ठेवावा लागतो, तो ऐन वेळी कोणाच्याच डोक्यात येत नाही.

पेशंट शुद्धीत आणि शांत असताना त्यांनाच विचारा की व्हेंटिलेटर हवा का, शेवटी घरी राहायचंय का हॉस्पिटलमध्ये. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये लिव्हिंग विलला, म्हणजे शेवटच्या उपचारांबद्दलची इच्छा आधीच लिहून ठेवण्याला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर करता येते. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये ती जपून ठेवायला कस्टोडियनही नेमलेत. ही इच्छा लिहिलेली असेल तर आयसीयूच्या बाहेर उभ्या असलेल्या मुलीवर एकटीने ठरवायचं ओझं येत नाही आणि भावाबहिणींत पुढे वर्षानुवर्षं अबोलाही राहत नाही.

गट सुरू करणं: हे तुमच्या हातात आहे

एकट्या घराने हे सगळं निभावणं फार अवघड आहे, चार घरं एकत्र आली की बरंच सोपं होतं. महाराष्ट्रात जवळजवळ प्रत्येक शहरात ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, फेस्कॉम ही त्यांची राज्यभराची संघटना. त्यांच्याकडे हॉल असतो, खुर्च्या असतात, माणसं असतात. तिथल्या सेक्रेटरींना भेटून महिन्यातून एक दुपार मागा. तुमच्या हार्टच्या डॉक्टरांच्या ओपीडीत एक कागद लावायला परवानगी घ्या. सुरुवातीला चार-पाच घरं आली तरी पुष्कळ झालं.

दीड तास पुरतो. पहिला अर्धा तास पेशंट आणि घरचे एकत्र, त्यात एखाद्या नर्सला किंवा डाएटिशियनला बोलवा, एका वेळी एकच विषय, वजन, मीठ, चालण्याचा व्यायाम, गोळ्या. नंतर पेशंट एका बाजूला चहा घेत बसतील आणि सांभाळणारे वेगळ्या खोलीत. हे वेगळं बसणं टाळू नका, नवऱ्यासमोर बायको कधीच सांगणार नाही की मला झोप नाही, आणि ते सांगता यावं म्हणूनच ती आलेली असते. तिथलं बोलणं बाहेर जाणार नाही हे पहिल्याच दिवशी सगळ्यांकडून कबूल करून घ्या. दुसरा नियम, एकमेकांच्या गोळ्या आणि डोस सुचवायचे नाहीत, व्हॉट्सॲप ग्रुपवर काढे आणि चमत्कारिक उपायांचे फॉरवर्ड टाकायचे नाहीत. तिसरा, कोणी रडलं तर लगेच उपदेश नाही.

आणि प्रत्येक बैठकीच्या शेवटी हातांची देवाणघेवाण झालीच पाहिजे, स्वीडनच्या अभ्यासातून मी हाच धडा घेतलाय. पुढच्या महिन्यात कोणाला कोणत्या दिवशी दोन तास हवेत ते वहीत लिहा, आणि त्यापुढे कोण जाऊन बसेल त्याचं नाव. एखादीला मुलीच्या शाळेत जायचं असतं, एखादीला दातांच्या डॉक्टरकडे, एखादीला नुसतं झोपायचं असतं, तिन्ही कारणं सारखीच धरायची. बसायला जाणाऱ्याला वजन, गोळ्यांची वेळ आणि १०८ कधी एवढं माहीत असतंच, कारण त्याच्याही घरात तेच चालू असतं.

त्याच वहीच्या मागच्या पानावर सामानाची यादी ठेवा. वॉकर, कमोड चेअर, पाठ उचलता येणारा पलंग, व्हीलचेअर, बीपीचं मशीन, ज्याच्याकडे पडून असेल ते नाव आणि फोनसकट. विकत घ्यायला गेलं तर महाग, आणि लागतं थोड्या महिन्यांसाठी. परत आलेली वस्तू डेटॉलने पुसायची, व्हीलचेअरचे ब्रेक आणि वॉकरचे रबर बघायचे, बीपीचं मशीन दवाखान्यातल्या मशीनशी एकदा ताडून घ्यायचं आणि मग यादीतल्या पुढच्या घराला फोन करायचा.